गाडीचा सायरन बंद कसा करावा आणि तो पुन्हा पुन्हा का वाजतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करताना आम्हाला अलार्मविषयी येणारे फोन साधारण ठरलेल्या वेळीच येतात: रात्री अकरानंतर, लग्नसराईत आणि पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात. विचारणाऱ्याला त्या क्षणी सायरन गप्प व्हावा एवढेच हवे असते, आणि ते रास्तही आहे. मात्र सायरन थांबला की बहुतेक जण विषय तिथेच सोडतात आणि चार दिवसांनी पुन्हा फोन करतात. अलार्म बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा अलार्मचा डबा बहुधा ठणठणीत असतो. उतरत चाललेली बॅटरी, नीट न बसलेले बोनेट किंवा ओल धरलेला स्विच यांपैकी काहीतरी त्याला खुपत असते. म्हणून खालील उत्तरांत आवाज थांबवण्यापेक्षा कारण शोधण्यावर अधिक भर दिला आहे.

मध्यरात्री सायरन वाजू लागला आहे. आत्ता, या क्षणी काय करावे?

गाडीपासून दोन-तीन पावलांवर उभे राहून रिमोटवरील अनलॉकचे बटन एकदाच दाबावे आणि दोन सेकंद थांबावे. घाईघाईत सगळी बटने आलटून पालटून दाबल्यास अलार्म बंद होऊन लगेच पुन्हा चालू होतो, किंवा बोट पॅनिकच्या बटनावर पडते आणि आपणच सायरन वाजवत राहतो. रिमोटवर हॉर्नचे किंवा लाल रंगाचे वेगळे बटन असेल तर ते पॅनिकचे असते. ते खिशात दाबले गेल्यामुळे आवाज सुरू झाला असेल तर तेच बटन पुन्हा दाबल्यावर थांबतो.

रिमोटने काम झाले नाही तर किल्लीने चालकाचा दरवाजा उघडावा. रिमोटने लॉक केलेली गाडी किल्लीने उघडली की पुष्कळ गाड्यांत अलार्म आणखी जोराने ओरडतो. त्याने दचकू नये. आत बसून किल्ली इग्निशनमध्ये घालावी आणि ‘ऑन’पर्यंत फिरवावी. कंपनीने बसवलेल्या अलार्ममध्ये किल्लीतली चिप ओळखली गेली की सायरन सहसा तिथेच थांबतो. बटनावर सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेक दाबून रिमोटच स्टार्ट बटनाला टेकवून धरावा आणि मग बटन दाबावे. अनेक गाड्यांत सेल पूर्ण संपलेला रिमोटही अशा वेळी ओळखला जातो. तशा रिमोटच्या पोटात दरवाजासाठी एक पातळ धातूची किल्ली दडलेली असते, आणि ती कशी बाहेर काढायची हे एकदा दिवसाउजेडी करून पाहिलेले बरे.

हे सगळे करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून काचा, कुलपे आणि डिकी पाहून घ्यावी. सायरन चोरासाठी बसवलेला आहे, ही गोष्ट झोपमोडीत पार विसरायला होते. काच फुटलेली असेल किंवा कुलूप उचकटलेले दिसत असेल तर कशालाही हात न लावता ११२ वर फोन करावा.

माझ्या गाडीत कंपनीचा अलार्म आहे की बाहेरून बसवलेला, हे कसे ओळखावे?

किल्लीच्या जुडग्यात गाडीच्या किल्लीव्यतिरिक्त एक स्वतंत्र रिमोट असेल, डॅशबोर्डवर किंवा काचेशेजारच्या खांबावर चिकटवलेला लाल-निळा लुकलुकणारा दिवा असेल आणि बोनेटखाली काळ्या भोंग्यासारखा वेगळा सायरन असेल, तर तो बाहेरून बसवलेला अलार्म समजावा. कंपनी फिटिंग अलार्ममध्ये लॉक-अनलॉकची बटने बहुधा किल्लीवरच असतात आणि अनेक गाड्यांत वेगळा सायरन नसून गाडीचा हॉर्नच थांबून थांबून वाजतो.

रिमोटचा सेल संपला आहे हे कशावरून कळते आणि कोणता सेल घ्यावा?

पूर्वी जिन्यावरून चालणारा रिमोट आता गाडीला टेकून दाबावा लागत असेल, तर सेल संपत आल्याचे समजावे. किल्लीच्या रिमोटमध्ये सहसा ३ व्होल्टचा चपटा गोल सेल असतो आणि त्यावर सीआर २०३२, २०२५ किंवा २०१६ असे कोरलेले असते. यातले पहिले दोन अंक मिलिमीटरमधला व्यास आणि शेवटचे दोन जाडी सांगतात; ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर. त्यामुळे २०३२ च्या जागी २०२५ घातला तर तो आत खुळखुळतो आणि रिमोट कधी चालतो, कधी चालत नाही. बाहेरून बसवलेल्या पुष्कळ अलार्मच्या रिमोटमध्ये मात्र करंगळीच्या पेराएवढा १२ व्होल्टचा लांबट सेल असतो, ज्यावर २३ए किंवा २७ए लिहिलेले असते. या दोघांची जाडी वेगळी असते, म्हणून जुना सेल दुकानात सोबत न्यावा. नवा सेल बसवताना दोन्ही बाजूंना बोटांचा घाम लागू देऊ नये, आणि आतली पितळी पट्टी काळवंडली असेल तर ती खोडरबराने घासून घ्यावी.

चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेला काही तासांत भाजून काढू शकतो. तशी शंका जरी आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

सेल नवा घातला, तरी रिमोट चालत नाही. आता?

याची तीन कारणे आमच्या पाहण्यात नेहमी येतात. पहिले असे की, गाडीची मोठी बॅटरीच इतकी उतरलेली असते की रिमोटचा निरोप ऐकायला आत कोणी जागे नसते. हेडलाइट लावून पाहिला की ते कळते. दुसरे कारण म्हणजे रिमोट आणि गाडी यांची चुकामूक. अलीकडचे रिमोट प्रत्येक वेळी नवा कोड पाठवतात आणि गाडी पुढच्या ठरावीक कोडांचीच वाट पाहत असते. घरात लहान मुलाने रिमोट खेळणे समजून शेकडो वेळा दाबला तर तो गाडीच्या मोजणीच्या बराच पुढे निघून जातो. अशा वेळी रिमोट पुन्हा जुळवावा लागतो आणि त्याची रीत गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तिसरे कारण जागेचे आहे. हे रिमोट बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर अत्यंत अल्प शक्तीने बोलतात. त्याच पट्ट्यात गोंगाट करणारे काही जवळ असेल तर त्यांचा आवाज दबतो, आणि हा गोंगाट कित्येकदा आपल्याच गाडीतल्या स्वस्त मोबाइल चार्जरमधून किंवा डॅशकॅमच्या वायरीतून येत असतो. चार्जर काढून पाहावे. एका विशिष्ट ठिकाणी उभी केल्यावरच त्रास होत असेल तर गाडी पन्नास-शंभर पावले पुढे नेऊन पाहावे. तिथे रिमोट चालला तर त्याच्यावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

व्हॅलेट स्विच म्हणजे काय? तो कुठे असतो?

बाहेरून बसवलेल्या अलार्मला रिमोटशिवाय गप्प करण्याची सोय म्हणजे व्हॅलेट स्विच. तो खिळ्याच्या डोक्याएवढे बटन असतो किंवा छोटी कळ असते, आणि मुद्दाम नजरेआड बसवलेला असतो: स्टिअरिंगखालच्या पॅनलच्या आतल्या कडेला, फ्यूज बॉक्सजवळ, क्वचित ग्लव्ह बॉक्सच्या (डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या) मागे. सर्वसाधारण रीत अशी की, दरवाजा किल्लीने उघडावा, इग्निशन ऑन करावे आणि पुढच्या काही सेकंदांत हे बटन दाबावे. किती वेळा दाबायचे आणि किती वेळ धरायचे हे बनावटीप्रमाणे बदलते. नवा अलार्म बसवून घेताना मेस्त्रीला त्या स्विचवर बोट ठेवायला लावावे आणि आपण स्वतः एकदा दाबून पाहावे. आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य गाडीमालकांना आपल्या गाडीत असा स्विच आहे हेच ठाऊक नसते, आणि तो दोष मालकाचा नाही, बसवणाऱ्याचा आहे.

बॅटरीची वायर काढली, तरी सायरन वाजतोच आहे. हे कसे शक्य आहे?

काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने मुख्य बॅटरीची वायर तोडली तर सायरन थांबू नये म्हणून ही योजना केलेली असते, त्यामुळे वायर काढताच तो अधिकच नेटाने वाजतो. अशा सायरनच्या अंगावर बहुधा एक लहान कुलूप असते आणि अलार्मसोबत त्याच्या दोन बारीक किल्ल्या दिलेल्या असतात. त्या किल्लीने तो बंद होतो. काही वर्षांनी ही आतली बॅटरी मरते आणि मग काहीही कारण नसताना सायरन रात्री-बेरात्री किंचाळू लागतो. तसे झाल्यास सायरनच बदलावा.

साधा सायरन असेल तर वायर काढणे हा शेवटचा आणि खात्रीचा उपाय आहे. इग्निशन बंद करून, १० नंबरच्या पान्याने आधी ऋण, म्हणजे काळ्या वायरीचे टर्मिनल सोडवावे. हा क्रम का, तर आधी लाल वायर सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर जाळ होतो. जोडताना काळी वायर शेवटी जोडावी आणि रिमोट हातात ठेवावा, कारण वीज परत येताच अलार्म पुन्हा ओरडण्याची शक्यता असते. गाडीची डिकी फक्त विजेच्या बटनावर उघडत असेल तर त्यातले सामान आधी काढून घ्यावे.

कोणी हात लावलेला नसताना अलार्म का वाजतो?

कारणे पुष्कळ आहेत, परंतु शोधण्याचा क्रम ठरलेला ठेवला तर बहुतेक गाड्यांचा उलगडा दोन संध्याकाळींत होतो.

सर्वांत आधी बॅटरी पाहावी. विजेचा दाब एका मर्यादेखाली गेला की काही अलार्म त्याला छेडछाड समजतात, आणि काहींचा मेंदूच क्षणभर बंद पडून पुन्हा जागा होतो व जागा होताना ‘आपण पहाऱ्यावर होतो’ असे धरून चालतो. त्यामुळे सायरन पहाटे वाजत असेल, विशेषतः थंडीत, तर संशय पहिल्यांदा बॅटरीवरच घ्यावा.

त्यानंतर बोनेटचा स्विच. बोनेटच्या कुलपात किंवा त्याच्या शेजारी एक छोटा स्विच असतो, जो बोनेट बंद असल्याची खबर देतो. तो गाडीच्या अगदी तोंडाशी असल्याने धूळ, पाणी आणि वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा हे सगळे त्याच्याच वाट्याला येते. आपल्या काळ्या मातीचा चिखल ओला असताना लोण्यासारखा असतो आणि सुकला की सिमेंटसारखा. पेरणीच्या दिवसांत शेताकडे जाणाऱ्या गाड्यांत हा स्विच अर्धवट दाबलेल्या स्थितीत चिकटून बसलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. मानवतकडच्या एका काकांची गाडी दोन आठवडे रोज रात्री ओरडत होती आणि ते उशाशी १० नंबरचा पाना घेऊन झोपत होते. स्विच काढला, तर त्याच्या दांडीभोवती चिखलाचे कडे झाले होते आणि त्यात एक भुईमुगाचे टरफल घट्ट रुतून बसले होते. ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि दहा मिनिटे, एवढ्यात काम झाले.

येथे एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. स्विच तपासण्यासाठी अनेक जण त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून ठेवतात. काही गाड्यांत कपलर काढला की अलार्म बोनेट बंद आहे असे समजतो आणि काही गाड्यांत नेमके उलट, उघडे आहे असे समजतो. म्हणून कपलर काढल्यावर सायरन वाजला, यावरून स्विच चांगला आहे किंवा खराब आहे असा कोणताच निष्कर्ष लगेच काढू नये.

दरवाज्यांचे आणि डिकीचे स्विच तपासण्याची सोपी रीत म्हणजे रात्री गाडीत बसून, सगळे दरवाजे बंद करून, आतला दिवा ‘डोअर’च्या खुणेवर ठेवणे. दिवा विझल्यावर प्रत्येक दरवाजा आतून खांद्याने हलकासा ढकलावा. एखाद्या दरवाजाला दिवा लुकलुकला तर गुन्हेगार सापडला. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर उघड्या दरवाजाचे चित्र येते तिथे ते चित्र पाहावे.

वरीलपैकी काहीच सापडले नाही तर मग शॉक सेन्सर (धक्का ओळखणारा डबा) आणि वायरिंग, ज्यांविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे. काही महाग गाड्यांत आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासोनिक सेन्सरही असतो; अशा गाडीत काच चार बोटे उघडी ठेवली आणि आरशाला लिंबू-मिरची टांगलेली असली तर ती वाऱ्याने हलल्यावर अलार्म वाजतो. लिंबू-मिरची काढायची की काच लावायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बॅटरी घरच्या घरी कशी तपासावी?

गाडी निदान तीन-चार तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी उरली आहे आणि १२ च्या खाली म्हणजे ती उतरलेली आहे. त्यानंतर इंजिन सुरू करून पुन्हा पाहावे. साध्या चार्जिंग व्यवस्थेच्या गाडीत १३.८ ते १४.४ दिसायला हवे. इंजिन चालू असतानाही आकडा १२.५ वरच रेंगाळत असेल तर दोष अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडे आहे आणि नवी बॅटरी घेऊनही महिन्याभरात तीच कथा घडेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ती आधी कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. सैल टर्मिनलमुळेही अलार्म वाजतो.

गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. यात अलार्मचा दोष असतो का?

थोडी वीज अलार्म खातोच, पण हिशेब मांडून पाहावा. गाडी बंद करून झोपी गेल्यावर तिचा एकूण खर्च ५० मिलिअँपियरच्या आत असणे योग्य मानले जाते. ४५ अँपियर-तासांची बॅटरी त्या वेगाने रिकामी व्हायला ९०० तास, म्हणजे सदतीस दिवस लागतील. निम्मी व्हायला अठरा-एकोणीस दिवस. हाच खर्च ३०० मिलिअँपियर झाला तर १५० तासांत, म्हणजे सहा-सात दिवसांत काम आटोपते. त्यामुळे आठवड्यात बॅटरी बसत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा बॅटरीच म्हातारी झाली आहे, असे समजावे.

मोजण्यासाठी मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून ऋण टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मध्ये जोडतात, सगळे दरवाजे बंद करून वीस-तीस मिनिटे थांबतात आणि मग आकडा वाचतात. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नये. मीटरमधला फ्यूज तत्क्षणी जातो. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढून तो कोणत्या फ्यूजला खाली येतो ते पाहावे. आमच्या अनुभवात अशा गळतीत अलार्मपेक्षा नंतर जोडलेली म्युझिक सिस्टीम अधिक वेळा सापडते.

शॉक सेन्सर किती संवेदनशील ठेवावा? समोरून उसाची ट्रॉली गेली तरी गाडी ओरडते.

बाहेरून बसवलेल्या अलार्मचा शॉक सेन्सर काडेपेटीएवढा डबा असतो आणि तो स्टिअरिंगच्या खालच्या दांड्याला प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेला किंवा चिकटपट्टीने डकवलेला असतो. त्यावर एक बारीक स्क्रू आणि बहुतेकदा एक लहान दिवा असतो. स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की सहसा संवेदना कमी होते, परंतु एकदम गरगर फिरवू नये. पाव फेरा फिरवावा, गाडी लॉक करावी, अलार्म पूर्ण जागा होईपर्यंत एक मिनिट थांबावे आणि मग समोरच्या काचेशेजारच्या खांबावर मुठीची कड आपटून पाहावी. साधी थाप मारल्यावर सेन्सरने गप्प राहावे आणि जोराच्या ठोशाला वाजावे, अशी जागा सापडली की थांबावे. चांगल्या सेन्सरमध्ये दोन पायऱ्या असतात: हलक्या धक्क्याला दोन-चार वेळा चिवचिव आणि जोराच्या धक्क्याला पूर्ण सायरन.

परळी-गंगाखेड पट्ट्यात गाळपाच्या हंगामात रस्त्यालगत राहणाऱ्यांना दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा, वरातीच्या डीजेचा आणि शेजारच्या प्लॉटवर आलेल्या बोअरच्या गाडीचा हादरा टाळता येत नाही. त्यांनी सेन्सर थोडा बधिर ठेवणेच शहाणपणाचे. दिवाळीच्या चार दिवसांत तर शॉक सेन्सर तात्पुरता बंद ठेवण्याची सोय आपल्या रिमोटमध्ये आहे का ते पुस्तिकेत पाहून घ्यावे. याउलट, २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात बसलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपासारख्या धक्क्याला गाडी ओरडली तर ती बिचारी आपले कामच करत असते.

सेन्सर पूर्वी ठीक होता आणि मे महिन्यात अचानक बिनसला असेल तर स्क्रूला हात लावण्यापूर्वी तो जागेवर घट्ट आहे का ते पाहावे. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा उन्हातल्या बंद गाडीचे पोट त्याहून कितीतरी तापते, चिकटपट्टीचा डिंक पातळ होतो आणि डबा वायरीला लोंबकळू लागतो. मग गाडीचा दरवाजा नुसता जोराने लावला तरी तो कुठेतरी आपटतो.

उन्हाळ्यात अलार्मचा त्रास वाढतो, हे खरे आहे का?

होय. उष्णतेने शिसे-आम्लाच्या बॅटरीतले पाणी उडते आणि ती उभ्या उभ्या अधिक वेगाने उतरते. झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर एप्रिल आणि मे महिन्यांत दर पंधरवड्याला पाण्याची पातळी पाहावी आणि कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी घालून बॅटरी मारलेली माणसे दरवर्षी भेटतात. रिमोटही डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये.

उंदरांनी वायर कुरतडल्यास अलार्म वाजतो का? उपाय काय?

वाजतो, आणि हा दोष सर्वांत चकवणारा असतो, कारण कुरतडलेली वायर पत्र्याला कधी टेकते, कधी नाही. शेतातला गोठा, आडत, कापसाच्या गंजी यांच्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आणि पहिल्या पावसात बिळात पाणी शिरल्यावर उंदीर उबेसाठी बोनेटखाली येतात. बोनेट उघडून बॅटरीच्या ट्रेमागे आणि इंजिनच्या झाकणावर लेंड्या, शेंगांची फोलपटे किंवा कापसाचे बोळे दिसतात का ते पाहावे. कुरतडलेल्या जागी नुसती टेप गुंडाळणे पुरेसे नाही. वायर सोलून, झाळून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि मग जाळीदार पाइपमधून न्यावी. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पाने यांचा उपयोग वास टिकेपर्यंतच होतो. गाडी रोज हलती ठेवणे आणि गाडीत खाण्याचे पदार्थ न ठेवणे यांचा उपयोग त्याहून अधिक होतो.

सायरन थांबला, पण आता गाडीच सुरू होत नाही.

अलार्म आणि इमोबिलायझर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अलार्म ओरडतो, इमोबिलायझर न ओरडता इंजिन अडवून धरतो. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत असेल तर गाडीला किल्लीतली चिप ओळखू येत नाही असे समजावे. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती बाजूला काढावी, घरची दुसरी किल्ली वापरून पाहावी, आणि दोन्हींनी काम झाले नाही तर सर्व्हिस सेंटरला बोलवावे. चिप जुळवण्यासाठी कंपनीचे साधन आणि गाडीचा कोड लागतो. त्यात आमच्यासारख्यांनीही हात घालू नये.

बाहेरून बसवलेल्या अलार्ममध्ये मात्र स्टार्टरची किंवा इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या पंपाची वायर एका रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) नेलेली असते. अलार्मचा डबा मेला की तो रिले उघडाच राहतो आणि गाडी खटकाही देत नाही. माहीतगार वायरमन तो रिले वगळून मूळ वायर पाच मिनिटांत जोडून देऊ शकतो.

फ्यूज काढून अलार्म बंद करता येईल का?

येईल, परंतु कंपनी फिटिंग गाडीत त्याच फ्यूजवर बहुधा हॉर्न, सेंट्रल लॉकिंग किंवा आतले दिवेही असतात. झाकणाच्या आतल्या बाजूचा नकाशा पाहूनच फ्यूज काढावा. परत बसवताना तेवढ्याच अँपियरचा बसवावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा बसवणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय.

अलार्म बंद केल्यावर दोनऐवजी तीन-चार वेळा आवाज का येतो?

बाहेरून बसवलेल्या अनेक अलार्ममध्ये अनलॉक करताना नेहमीपेक्षा जास्त वेळा आवाज आला तर त्याचा अर्थ ‘तुम्ही नसताना मी वाजलो होतो’ असा असतो. त्यानंतर डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दरवाजा, बोनेट की शॉक सेन्सर हेही सांगतो. पुस्तिकेत त्याचा तक्ता असतो. निम्मा शोध या तक्त्यानेच संपतो, म्हणून त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

शेजारी तक्रार करत आहेत. यासंबंधी काही नियम आहे का?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. अलार्मच्या सायरनचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या पुढे जातो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात मर्यादा याहूनही कमी आहे. गाडी लावून परगावी जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे दुसरी किल्ली आणि आपला मोबाइल क्रमांक ठेवणे, हे नियमापेक्षा जास्त उपयोगी पडते.

जुनी गाडी घेतली आहे. अलार्मबाबत काय पाहावे?

दोन्ही किल्ल्या आणि सगळे रिमोट मागून घ्यावेत, आणि तरीही एकदा सर्व रिमोट नव्याने जुळवून घ्यावेत. बहुतेक अलार्ममध्ये नव्याने जुळवणी करताना जुन्या रिमोटची नोंद पुसता येते. तशी ती न पुसल्यास आधीच्या मालकाच्या कपाटात राहिलेला रिमोट तुमची गाडी उघडू शकतो. शिवाय डॅशबोर्डखाली वाकून पाहावे. तिथे रंगीबेरंगी वायरींचा गुंता आणि सुटलेली टेप दिसली तर पूर्वी अलार्म काढून टाकताना वायरी तशाच सोडलेल्या असण्याची शक्यता आहे.

सायरनची वायरच कापून टाकली तर काय बिघडते?

सायरन थांबतो, कारण तसेच राहते. बॅटरी उतरत असेल तर ती उतरतच राहते आणि एक दिवस गाडी भर रस्त्यात उभी राहते. कापलेले टोक उघडे असेल तर ते पत्र्याला टेकून फ्यूज उडवते. नव्या गाडीत मूळ वायरिंगला कात्री लागल्याचे दिसले तर विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आणि विम्यात एआरएआयची (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेची) मान्यता असलेल्या चोरीप्रतिबंधक उपकरणाची सवलत घेतलेली असेल तर ते उपकरण चालू स्थितीत ठेवणे हे मालकाकडे येते.

अलार्म नकोच असेल तर तो रीतसर काढून घ्यावा. डब्याचे सर्व कपलर सोडवून, स्टार्टर, इंडिकेटर आणि सेंट्रल लॉकच्या ज्या मूळ वायरी कापून मध्ये तो बसवला होता त्या पुन्हा एकमेकींना झाळून, गाडी पूर्वीसारखी करून मागावी. हे काम दीड-दोन तासांचे आहे. ते दहा मिनिटांत करून देतो असे कोणी म्हणाले, तर तो फक्त सायरनची वायर कापणार आहे.